डावीकडची नळी

गाडी पुलाच्या चढावर बंद पडली तेव्हा अकराला दहा मिनिटे कमी होती. अकरा वाजता आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाईची तीन जुनी यंत्रे पाहायला एक गिऱ्हाईक यायचे होते. यंत्रे विकायची नाहीत हे त्या गृहस्थाला तोंडावर सांगण्यासाठीच मी निघाले होते. माझ्या मुलाने त्याला बोलावले होते. मला विचारून नव्हे.

गाडीने आधी दोन आचके दिले, मग खोकल्यासारखा आवाज काढून ती गप्प झाली. एकवीस वर्षे माझी गाडी चालवणारा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवीत राहिला. शेवटी जवळच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. त्याने टाकीचे झाकण उघडून नाक जवळ नेले आणि म्हणाला, "आजी, डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंय कुणीतरी."

त्याची आजी होण्याची मला हौस नव्हती. पण त्या 'कुणीतरी'पाशी माझे मन अडले. आमच्याकडे टाकीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. यजमान गेले तरी त्यांचा नियम राहिला आहे: पंपावरचा माणूस कितीही पुढे आला तरी नळी आपल्याच ड्रायव्हरने धरायची. मी ड्रायव्हरकडे पाहिले. तो रस्त्याकडे पाहत होता.

एकवीस वर्षांत जे घडले नाही ते नेमके त्याच दिवशी घडावे, हे माझ्या पचनी पडेना. त्यातच सकाळचे आठवले. मी पायऱ्या उतरत असताना माझी सून फाटकाशी उभी राहून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती आणि मी दिसताच दोघेही गप्प झाली होती. यंत्रे विकून त्या जागी संगणकावर चालणारे एकच यंत्र आणावे, हे टुमणे मूळचे तिचेच. इथे पाणी मुरते आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

टॅक्सी मिळून कारखान्यात पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक येऊन, यंत्रे पाहून निघूनही गेले होते. मुलगा म्हणाला, "तुझ्याशी बोलल्याशिवाय काही ठरवणार नाही असं सांगितलंय त्यांना." तो इतक्या शांतपणे बोलला की माझा संशय दुणावला. लहानपणी फुलदाणी फोडली तेव्हाही तो असाच शांत होता.

दुपारी घरी येऊन मी स्वहस्ते पत्र लिहिले. आजपासून आपली सेवा संपली, कारण विश्वास उरला नाही, एवढेच. खाली सहीसाठी जागा सोडली. मग ड्रायव्हरला दिवाणखान्यात बोलावले.

पेट्रोल कुणी भरले, असे मी विचारले. त्याने मीच भरले म्हणून सांगितले. कुणाच्या सांगण्यावरून, तर कुणाच्याच नाही, चूक झाली. सूनबाई सकाळी काय सांगत होत्या, यावर मात्र त्याने तोंडात मूग धरले. मला तेवढे पुरेसे होते. मी पत्र त्याच्या हातात दिले आणि वाचून खाली सही करायला सांगितले.

त्याने कागद हातभर लांब धरला, मान थोडी मागे नेली. नजर ओळींवरून फिरत होती हे मी पाहिले. "वाचलं, बाईसाहेब," तो म्हणाला. "आपलं बरोबर आहे." मग टेबलावर वाकून त्याने सही केली, ती थेट माझ्या पहिल्या ओळीवर, 'आजपासून' या शब्दाच्या उरावर.

प्रथम मला हा उद्धटपणा वाटला. जाता जाता तो मला डिवचतो आहे, असे वाटून मी काहीतरी कठोर बोलणार होते. पण त्याने पेन इतक्या जपून, टेबलाची कड बोटांनी चाचपून खाली ठेवले की माझे शब्द ओठांवरच थांबले. शेजारी धोब्याची यादी पडली होती. मी ती त्याच्यापुढे केली. "आणि हेही एकदा वाचा."

त्याने तीही लांब धरली. बराच वेळ धरली. "हेही मान्य आहे."

"चार चादरी आणि नऊ अभ्रे तुम्हाला मान्य आहेत?"

त्याचे कान लाल झाले.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गेली दोन वर्षे त्याला जवळची अक्षरे दिसत नव्हती. लांबचे स्वच्छ दिसे. पुढच्या चौकातल्या गाडीचा क्रमांक तो आजही बिनचूक सांगे. आमच्या नेहमीच्या पंपावर डिझेलची नळी कायम डावीकडे असायची आणि तो पाटी न वाचता डावीकडे हात घालायचा. त्या आठवड्यात पंपाची दुरुस्ती झाली आणि नळ्यांच्या जागा बदलल्या. हात मात्र डावीकडेच गेला.

"मग चष्मा का नाही केलात?" मी विचारले. "दोन वर्षं का लपवलंत?"

"मला कामावर ठेवलंत तेव्हा आपण म्हणाला होतात, माझ्या गाडीवर चष्मेवाला ड्रायव्हर चालायचा नाही म्हणून. आधीच्याला त्यावरूनच काढलं होतं. या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?"

असे बोलल्याचे मला आठवत नव्हते. पण ते वाक्य इतके माझेच होते की नाकारणे शक्य नव्हते.

मी सुनेला हाक मारली. ती दारातच असावी, कारण लगेच आत आली. आदल्या दिवशी घरी आलेल्या पार्सलवरची चिठ्ठी त्याने हातभर लांब धरलेली तिने पाहिली होती आणि सकाळी त्याला एवढेच बजावले होते की आईंना आज संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन.

"मग मला आधीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, आई? म्हणाला असतात, हिला आता माझा ड्रायव्हरही काढायचाय."

मी हेच म्हटले असते, शब्दशः. तसे मी तिला सांगितले नाही. पत्र घडी करून टेबलाच्या खणात टाकले आणि ड्रायव्हरला उद्या दहा वाजता तयार राहायला सांगितले. "कुठं जायचं?" त्याने विचारले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मी म्हणाले, आणि तुम्ही मागे बसायचे.

दुसऱ्या दिवशी सुनेने तिची गाडी चालवली. मला जाण्याचे काही कारण नव्हते, तरी मी गेले; डॉक्टर काय म्हणतात ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते. लांबची नजर उत्तम आहे, जवळच्यासाठी चष्मा लागेल, बाकी काही नाही, असे ते म्हणाले. माझे समाधान होईना. मी ड्रायव्हरला खिडकीशी नेऊन समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला लावली. त्याने खालचा फोन नंबरही वाचून दाखवला. डॉक्टर हसले, मी हसले नाही. घरी परतताना सुनेने आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिले. तिच्या मनात काय चालले होते, याबद्दल माझ्या काही शंका आजही आहेत.

टाकी उपसून, फिल्टर बदलून गाडी चार दिवसांनी परत आली. गिऱ्हाईक पुन्हा अकरालाच यायचे होते, म्हणून आम्ही निघालो आणि वाटेत पंपावर थांबलो. ड्रायव्हरने खिशातून चष्मा काढून नाकावर ठेवला. माझा विश्वास नव्हता असे नाही. तरीही मी दार उघडून खाली उतरले आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्याने उजवीकडची नळी हातात घेतली आणि तिच्यावरची पाटी मला ऐकू येईल अशी वाचली. "डिझेल." मग तो थांबलाच नाही. इंजिन बंद ठेवा, धूम्रपान करू नका, मोबाईल वापरू नका, तक्रार असल्यास व्यवस्थापकांना भेटा. पंपावरचा माणूस तोंड वासून पाहत होता, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. अकराला फारसा वेळ उरला नव्हता. मी त्याला पुरते वाचू दिले.