निळ्याला तीन

बोल्टच्या भोकाभोवती निळा जरासा काळवंडला होता – जरासाच, आणि तोही दिव्याखाली तिरका धरला तर. तीनशे अंशांच्या भट्टीत रात्रभर भाजून निघालेला तो ब्रेकचा कॅलिपर सुगतच्या हातमोज्यात अजून कोमट होता. हल्ली लोकांना चाकाच्या फटीतून दिसणारा हा भागही रंगीत लागतो. म्हणून अमरावतीच्या एमआयडीसीतल्या या लहानशा कारखान्यात लाल आणि निळा असे दोन नवे रंग, आणि रंग उष्णतेत टिकला की नाही हे सांगायला, गेली अकरा वर्षं, सुगत. रंग मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. म्हणजे आता डोळाच. न भाजलेला तुकडा शेजारी ठेवायचा, फरक बघायचा आणि पाचपैकी आकडा द्यायचा. चार म्हणजे पास, तीन म्हणजे नापास.

लालला त्याने चार दिले. निळ्याला तीन लिहून सही केली तेव्हा हात जरासुद्धा अडखळला नाही – उलट बरं वाटलं, हलकं वाटलं... आणि ते बरं वाटणंच नंतर चहा पिताना टोचायला लागलं.

सकाळी भट्टी उघडताना मॅनेजर उत्तमराव दारातूनच ओरडले होते, “सुगतभाऊ, निळा तं तुमचा घरचा कलर! आता काय, पासच समजा!” चौघे हसले. सुगतही हसला. अकरा वर्षं हसतोय. दरवेळी सगळ्यांच्या आधी हसून घेतो, म्हणजे ते आपल्याला हसतायत असं वाटत नाही.

खरं तर निळा त्याचा नव्हताच, रंग बनवणाऱ्या नव्या मुलीचा, मायाचा होता. माया रोज अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने येते. आठ महिने खपून तिने हा रंग जमवला, आणि महिनाअखेरीस तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते याच रिपोर्टवर ठरणार. पहिल्या दिवशी ती त्याच्या टेबलाशी येऊन हळूच “जय भीम, सर” म्हणाली होती. आणि तो – आधी आजूबाजूला बघून – “गुड मॉर्निंग” म्हणाला होता. तेव्हापासून तीही गुड मॉर्निंगच म्हणते.

“सर, लालले किती देल्ले?” दुपारी तिने विचारलं.

“चार.”

तिने दोन्ही कॅलिपर दिव्याखाली शेजारीशेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, त्याच्याकडे उत्तरं तयार होती. पण ती नुसतं “बरं” म्हणाली, हातमोजे काढून खणात ठेवले आणि गेली.

परतवाड्याच्या शाळेत बाबा – शेषराव गुरुजी – सातवीचे गणिताचे पेपर तपासत. सुगतचं एक उत्तर बरोबर होतं, पायऱ्यांसकट बरोबर, तरी त्यांनी दोन गुण कापले आणि त्याचा पहिला नंबर गेला. काहून कापले, बाबा? “आपल्या पोराले देल्ले, असं कोनी म्हनाले नोको.” केवढ्या ताठ मानेने सांगायचे ते हे, येईल त्या पाहुण्याला! आणि मीही सांगत आलो... बायकोला, मुलांना, असे होते आमचे बाबा म्हणून. त्या सातवीतल्या पोराचं काय चुकलं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. आज मायाचं काय चुकलं? मी रंग पाहिलाच नाही. उत्तमरावांचं तोंड आठवलं आणि आकडा लिहिला. भ्यालो मी. सरळ सरळ भ्यालो, आणि त्यालाच इतकी वर्षं प्रामाणिकपणा म्हणत आलो.

पाच वाजले. सहाला रिपोर्ट उत्तमरावांकडे जायचा. सुगतने पुन्हा दिवा लावला, दोन्ही कॅलिपर तिरके धरले. लालही भोकाभोवती काळवंडला होता – तेवढाच, ना कमी ना जास्त. आणि मनात पहिला विचार आला तो असा, की मग लाललाही तीन द्यावेत. दोन्ही नापास, कुणाला बोट ठेवायला जागा नाही... त्या विचाराची त्याला किळस आली. लाल टिकला होता. निळाही टिकला होता. एवढं साधं लिहायचं, तर हात एवढा जड का व्हावा?

त्याने पेनाचं टोपण काढलं. तीनवर एक आडवी रेघ, शेजारी चार, त्याच्या शेजारी सही – बस्स, एवढंच करायचं. उद्या उत्तमराव म्हणतील, “केलाच ना पास, घरचा कलर!” चौघे हसतील. या वेळी आपण हसायचं नाही, त्याने ठरवलं. अगदी पक्कं ठरवलं... पेन कागदाच्या वर तसंच धरून त्याने सहज मान वर केली, तर समोर खिडकीच्या काचेत त्याचे ओठ आधीच हसायला लागले होते.