तळाशी जळता कंदील

दोरीला बांधलेला कंदील नागोजीनं राखेच्या खड्ड्यात सोडला. तो तळाला टेकेपर्यंत ज्योतीवरची नजर त्यानं हलवली नाही.

"काय म्हनतोय कंदील, दाजी?" मष्णूनं विचारलं. नागोजीच्या बायकोचा हा धाकटा भाऊ.

"तुझ्यापरास शाना हाय. गप जळतोय. उतर."

"राखंनं असा भरून घरी गेलो तर जया वळखायची न्हाय."

"तेवढंच सुख तिला."

मष्णू हसत शिडी उतरला.

लढाईमुळं इंजिनाला तेल मिळेना, म्हणून काकतीजवळच्या या भातगिरणीत भट्टी बांधली होती. भाताचं तूस थोड्या हवेत कोंडून जाळायचं, निघालेल्या वायूवर इंजिन चालवायचं. इंजिनावर डायनामो फिरे आणि छताचे अकरा दिवे लागत. उद्या खंडेनवमी. यंत्राच्या पूजेसाठी भट्टी कालपासून बंद होती. भट्टीखालचा खड्डा तेवढा साफ करायचा राहिला होता.

नागोजी मूळचा विहिरी खोदणारा. कंदील विझला तर उतरायचं नाही, जळला तर उतरायचं, हे बापानं शिकवलेलं. वीस वर्षांत ते चुकलं नव्हतं. पण विहिरीतली कोंदट हवा माणसाआधी ज्योतीला मारते. तुसाची आग वरून राख होऊन आत दोन-दोन दिवस धुमसते. तिच्या विषाला वास नसतो, आणि ते ज्योतीला शिवत नाही.

राखेच्या तीन पाट्या वर आल्या. चौथी आली नाही.

"मष्णू, झोपलास व्हय रं?"

तो भिंतीला टेकून बसला होता. नागोजी श्वास कोंडून उतरला, पाटीची दोरी त्याच्या काखेत अडकवली. गिरणीतल्या चौघांनी वर ओढलं. गाल लालसर होते, नुकताच उन्हातून आल्यासारखे. श्वास मात्र नव्हता.

गिरणीचे मुकादम मारुतीराव नागोजीच्या कानाशी वाकले. "फौजदार इचारंल. कंदील इझलता, नगं म्हनत असताना उतरला, असं सांग. तू सुटशील. मेलेल्याला काय फरक पडतोय?"

नागोजी मष्णूच्या काखेतली दोरी सोडवू लागला.

जयाबाई आली. नवऱ्याच्या कपाळावरची राख तिनं पदरानं पुसली, पुन्हा पुसली. मग मान वर न करता विचारलं, "दाजी, कंदील सोडून बघितलासा न्हवं?"

"व्हय."

"इझलता?"

मारुतीराव खाकरले.

"न्हाय," नागोजी म्हणाला. "जळत हुता. मीच त्येला उतर म्हनलो."

ती पुन्हा राख पुसू लागली. हळूहळू अंधारलं. छताचे अकराही दिवे बंद होते. खाली खड्ड्यात कंदील तसाच, एका लयीत जळत होता. वर ओढायला दोरीला कुणी हात लावला नाही.