चाचणी क्रमांक सतरा

बाबांनी तिच्याशी अबोला धरला त्याला आठ महिने झाले होते. ती नोकरीसाठी घराबाहेर पडली तेव्हा ते दारापर्यंतही आले नव्हते. फोनवर आई बोलायची. मागून बाबांचा खोकला ऐकू यायचा, तेवढंच.

ऑफिसातल्या थोरल्या प्रोग्रामरला सगळे मास्तर म्हणत. त्याने तिला काम दिलं होतं. कंपनीच्या साइटवर कुणी फॉर्म भरला, की मेल जाईपर्यंत पान अडकून बसायचं.

"माणसाला ताटकळत ठेवायचं नाही," मास्तर म्हणाला. "मेल रांगेत टाक, पान मोकळं कर. पाठवायचं काम मागच्या मागे होत राहील."

तीन आठवड्यांत तिने रांग उभी केली. मेल खरोखर पोचतो का हे पाहायला खरा पत्ता हवा होता. तिने बाबांचा घातला. प्रत्येक मेलात फक्त "रांगेची चाचणी" आणि तिचा क्रमांक असायचा. पाठवणारी म्हणून तिचं नाव, उत्तराचा पत्ता मात्र साइटचा. बाबांचं मेलशी फारसं सख्य नव्हतं, ते उघडणारही नाहीत याची तिला खात्री होती. तरी आपलं काहीतरी त्यांच्यापर्यंत जातंय, यावरच ती समाधान मानत होती.

मग साइटच्या पत्त्यावर येणारे मेल वाचायची सोय करायची होती. ती पेटी आजवर कुणी उघडलीच नव्हती. मंगळवारी दुपारी तिने कोड चालवला. जाहिराती आल्या, आणखी जाहिराती, आणि मग बाबा.

"चाचणी १ मिळाली."

"चाचणी ४ मिळाली. यातही नुसता आकडा. जेवतेस ना वेळेवर?"

"चाचणी ९ दोनदा आली. तुझ्या रांगेत कुणीतरी घुसलंय."

"चाचणी १७ मिळाली. तू उत्तर देत नाहीस. रागावली असशील तर बरोबरच आहे. त्या दिवशी मी दारात यायला हवं होतं."

मास्तर मागे येऊन उभा राहिला. "हा कोण गं? दोनदा गेलेला मेल आपल्याआधी यानेच पकडला."

"बाबा," ती म्हणाली.

मास्तर चष्मा पुसत आपल्या जागेवर गेला.

तिने लिहिलं, "सगळं मिळालं, बाबा. आज मिळालं. शनिवारी येते. दारात थांबा."

मेल रांगेत टाकायला तिचं बोट पुढे झालं, आणि थांबलं. तिने रांग बंद केली आणि जुन्याच पद्धतीने मेल पाठवला. पान अडकलं. पडद्यावरची चकती गरगर फिरत राहिली, आणि मेल गेल्याची ओळ येईपर्यंत ती हाताची घडी घालून त्या चकतीसमोर ताटकळत बसली.