अठ्ठेचाळीस सोमवार

डॉक्टर मोहनरावांनी पेन्सिलीचं टोक शेवटच्या फुलीवर टेकवलं. एकशे ब्याण्णव. चार नर्सेस, अठ्ठेचाळीस आठवडे, आणि दर आठवड्याला एकीच्याच नावापुढं सलग चार फुल्या. फुली म्हणजे पाळी आली म्हणून नर्स बाजूला बसली, कामावर नाही. हजेरीपटात सुट्टीचा रकाना नव्हता.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या या बारा खाटांच्या प्रसूतिगृहात येऊन त्यांना नऊ दिवस झाले होते. टेबलावर पुण्याच्या कचेरीचं पत्र होतं. नर्सेसच्या गैरहजेरीचं कारण तपासून कळवावे, ते खोटे आढळल्यास कामावरून कमी करावे. उत्तर साडेचारच्या गाडीनं जायचं होतं. साडेतीन वाजून गेले होते.

मुख्य नर्स गोजरबाई समोर उभ्या होत्या. दाराशी चौघींपैकीच एक, करिमा, उकळलेल्या कात्र्यांचं ताट धरून थांबली होती.

"प्रत्येक वेळी सोमवारी सुरू होते," मोहनराव म्हणाले. "चौघींचीही, आळीपाळीनं. बाजाराच्या दिवशी एकही फुली नाही. शरीराला वार कळत नाहीत, गोजरबाई."

गोजरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुमचं वय काय?"

"चोपन्न."

"आणि तुम्हालाही दर अठ्ठावीस दिवसांनी?"

"इतकी बारीक चौकशी आमच्या मालकांनीबी कधी केली न्हाय, डॉक्टर."

करिमाच्या ताटातल्या कात्र्या वाजल्या. मोहनरावांचे कान तापले, पण पेन्सिल जागची हलली नाही.

"सुट्टी मागायची होती."

"तीनदा मागितली. आधीचे डॉक्टर म्हणायचे, बायांना सुट्टी कशाला? मग ह्ये कारण सांगितलं. त्यांनी मान खाली घालून सही केली. परत म्हणून विचारलं न्हाय."

"पण हे खोटं आहे."

"व्हय. खोटंच हाय." त्यांनी पदर सोडला. "रोज बारा तास, डॉक्टर. एकीला मोकळं करून यावं, तर दुसरी वरडतीय. हात नीट घासायला पाच मिनिटं लागत्यात. तेवढं उभं राहायचं म्हटलं तरी आमच्यातल्या रंगूबाईचं पाय लटपटायचं. नुसतं पाणी लावून बाळंतिणीपाशी जायची ती. मला दिसायचं. मी बोलायची न्हाय."

मोहनरावांनी वर पाहिलं.

"काय लिवायचं ते लिवा," गोजरबाई म्हणाल्या. "पयलं नाव माझं घाला. हिच्या घरी पाच तोंडं हायत, समदी हिच्या एकटीवर."

"बाई, माझं कशाला काढता?" करिमा पुटपुटली.

मोहनरावांनी कोरा कागद ओढला, टाक बुडवला, तारीख घातली. मग टाक तसाच धरून ते थांबले.

"करिमाबी, बाळंतपणांचं रजिस्टर आणा. त्याच्या आधीच्या वर्षाचंही."

करिमानं दोन्ही आणून ठेवली. मोहनराव एकेक पान उलटत गेले. बोट तापाच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. शेवटच्या पानावर पोचल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. खुर्ची जवळच होती, पण गोजरबाई बसल्या नाहीत.

सव्वाचारला मोहनरावांनी तारखेखाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद टिपून घेतला.

विश्रांती नसतानाचे ४८ आठवडे : बाळंतपणे २३१, ताप आलेल्या बाळंतिणी १९.

विश्रांती सुरू झाल्यानंतरचे ४८ आठवडे : बाळंतपणे २४६, ताप आलेल्या बाळंतिणी ४.