ई-क्लासवर पुरलेला माठ

मित्रांनो, इकडे नाही, खाली बघा! अजून खाली. तो चपटा दगड दिसतोय ना, ते माझं झाकण. मी एक जुना माठ आहे आणि गळ्यापर्यंत मातीत पुरलेला आहे. पातूरच्या रस्त्याला लागून आमच्या गावाची ई-क्लास आहे, म्हणजे गुरं चारायची सरकारी पडीक जमीन. तिथे माझा मुक्काम. माठाने घरात तिवईवर बसायचं असतं, हे मलाही ठाऊक आहे. पण माझं आयुष्य जरा वेगळंच झालं.

माझा जन्म अकोल्यातल्या एका कुंभाराच्या चाकावर झाला. त्याने थापटीने मला इतकं बडवलं, की मी मुकाट्याने गोल झालो. मग भट्टी. बाप रे, ती भट्टी! तिच्यातून बाहेर आलो तेव्हा मी लालबुंद आणि खणखणीत झालो होतो. बाजारात पार्बताबाई आली. तिने मला बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिलं, इकडून, तिकडून, पुन्हा इकडून. तिचे मालक शेषराव उन्हात उभे राहून कंटाळले.

"घे ना लवकर! सोयरीक जुळवून राहिली का त्याच्यासंग?"

"तुमाले पाह्यलं तवा असं वाजवून पाह्यलं असतं, तं बरं झालं असतं," पार्बताबाई म्हणाली. कुंभार हसला, शेषराव हसले, आणि मला खांद्यावर घेऊन त्यांनी एसटी गाठली.

ती वर्षं माझी सुखाची होती. शेषराव शेळ्या राखायचे. दुपारी घरी आले की चपला काढायच्या आधी माझ्याकडे यायचे. दोन गडवे पाणी घटाघटा प्यायचे आणि म्हणायचे, "फ्रिजाच्या पाण्याले अशी चव नाई." खरं सांगू? हे वाक्य ऐकायला मी सकाळपासून थंड होत बसायचो!

मग तो मे महिना आला. पारा शेहेचाळीसच्या वर गेला होता. शेषराव ई-क्लासवर शेळ्यांमागे होते. एवढा मोठा माळ, पण त्यावर अंग टेकायला एक झाड नव्हतं. संध्याकाळी शेळ्या घरी आल्या, शेषराव आले नाहीत. लोकांनी त्यांना खाटेवर घालून आणलं, तेव्हा पार्बताबाईने मला उचललं आणि माझ्यातलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. मी रिकामा झालो, पण ते उठले नाहीत.

त्यानंतर तिने मला कधी भरलं नाही. भिंतीमागे मी दोन वर्षं पालथा पडून होतो. राग नाही आला मला. तिला माझ्याकडे बघवतच नव्हतं.

मग गावात सरकारची वृक्षलागवडीची योजना आली. ई-क्लासवर पाचशे झाडं लावायची ठरली. अकोल्याहून नीलम मॅडम आल्या. त्या वनीकरणाच्या कामावर होत्या, पायात बूट, पाठीवर सॅक. त्यांनी बायांना जमवून सांगितलं, "लावणं एका दिवसाचं काम आहे, मावशी, जगवणं तीन वर्षांचं. रोपं मरतील, त्याची लाज नका बाळगू. जी मरतील त्यांच्या जागी पुढच्या पावसाळ्यात नवी देऊ. त्याला नांग्या भरणं म्हणतात. फक्त किती मेली ते खरं सांगा. आणि घरी जुने माठ असतील तर घेऊन या."

पार्बताबाईने मला भिंतीमागून काढलं, धुतलं, आणि माझ्या बुडाला खिळ्याने भोक पाडलं. दुखलं, पण मी आवाज केला नाही. त्या भोकात तिने कापसाची वात बसवली. मग जिथे शेषराव पडले होते, नेमक्या त्या जागी तिने कडुनिंबाचं रोप लावलं आणि त्याच्या बाजूला मला पुरलं. शेजारची मैना बघत होती.

"माठ कावून पुरून राहिली वं? धन ठेवतं का त्याच्यात?"

"हाव. इथं सावली पाह्यजे मले. दुसऱ्या कोनाचा मानूस असा उन्हात पडू नाई."

मैना तशीच घरी गेली. तिने आपलंही मडकं आणलं.

मित्रांनो, स्वयंपाकघरात मी लोकांना पाणी दिलं, पण मुळांना पाणी देणं ही गोष्टच निराळी! वातीतून थेंब थेंब झिरपायचं आणि पलीकडून कोणीतरी हळूच ओढून घ्यायचं. पुढे पुढे तर त्या निंबाच्या पोराची मुळं माझ्या पोटाला येऊन चिकटली. योजनेच्या टँकरचं पाणी मिळायचं. पार्बताबाई दर चौथ्या दिवशी दगड सरकवायची, तर मी ठणठणीत कोरडा असायचो. "खादाड हाय मेलं!" असं ती निंबाला म्हणायची आणि खूश व्हायची.

पण सगळी रोपं अशी नशीबवान नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात जवळजवळ निम्मी वाळली. आणि तेव्हाच निरोप आला, की मोजणीला पथक येणार.

सरपंच पंजाबराव काही वाईट माणूस नव्हे. पण शेजारच्या गावात शंभरातली नव्वद झाडं जगली होती, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी बायांना माळावर बोलावलं. "इतके मेले म्हनून दिसलं तं गावाची काय इज्जत राहील? योजना बंद करतीन ते. सकाळच्यापारी निंबाच्या डहाळ्या तोडा अन् खोवा खड्ड्यात. दोन दिवस हिरव्या राह्यतात."

"नीलम मॅडमनं तं खरं सांगा म्हटलं होतं," मैना म्हणाली.

"मॅडम ट्रेनिंगले गेल्या. येनारे दुसरे हायत."

मला वाटलं, पार्बताबाई आता नाही म्हणेल. पण 'योजना बंद' हे शब्द तिच्या काळजात घुसले होते. योजना गेली तर टँकर जाईल, टँकर गेला तर तिचा निंब जाईल! सगळ्यांच्या आधी तिनेच कोयता उचलला. गावातल्या मोठ्या निंबावरून डहाळ्या आल्या आणि मेलेल्या खड्ड्यांत उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, मित्रांनो. माठाला तोंड असतं, पण बोलता येत नाही.

पथक आलं. त्यांनी बांधावरूनच फोटो काढले, कागदावर पाचशेपैकी पाचशे लिहिले. गावात पेढे वाटले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र लागलं.

पाऊस आला. नवी रोपं आली नाहीत. बऱ्याच दिवसांनी नीलम मॅडम आल्या आणि वाळलेल्या काड्यांमधून नुसत्या फिरत राहिल्या. शेवटी माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या.

"मावशी, मी तुमच्यासाठी अडीचशे रोपं राखून ठेवली होती. जास्तीचा टँकरपण मागितला होता. पण कागदावर तुमचं एकही मेलं नाही. मग कुणाच्या जागी देऊ? गेली ती दुसऱ्या गावाला."

पार्बताबाईने पदराने तोंड पुसलं. "योजना जाईल म्हनून भेलो मॅडम आमी."

"योजना मेलेल्यांसाठीच होती हो, मावशी," नीलम मॅडम एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर क्वचित यायचा. 'पाचशेच्या पाचशे जगलेल्या' माळाला जास्त पाणी कोण देणार? पार्बताबाई एक कोस लांबून डोक्यावर घागर आणायची. कधी माझ्यात ओतायची, कधी शेजारच्या मडक्यात. मग तिचा गुडघा सुजला. पंधरा दिवस ती येऊ शकली नाही. त्या पंधरा दिवसांत मी कोरडा होतो, आणि निंबाची मुळं माझ्या पोटाशी मागत होती, मागत होती. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

ती लंगडत आली. मला काठोकाठ भरलं. पुन्हा चौथ्या दिवशी आली, दगड सरकवला आणि आत बघितलं. मी अर्धा भरलेला होतो.

तिने निंबाकडे पाहिलंही नाही. मला पाहूनच तिला कळलं. पिणारं कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. मैना तिच्या मडक्यापाशी बसून बोलत होती, त्यावरून मला हे कळलं. पार्बताबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "पयल्या साली निम्मे मेले होते. डहाळ्या खोवल्या त्याच्यात मी पयली. आता आठ-दहाच जगून हायत. हे लिहा."

"झालं ते झालं, पार्बताबाई," पंजाबराव खाली मान घालून म्हणाले, "आता कावून उकरून राहिल्या?"

"उकरल्याबिगर लावता येत नाई, भाऊ."

मग पंजाबरावांनी स्वतःच भिंतीवरचं ते प्रशस्तिपत्र काढलं. नीलम मॅडमनी खरा आकडा लिहून नवा अर्ज पाठवला. तो मंजूर होईल की नाही, मला माहीत नाही. सरकारी कागद कुठे अडतात, हे माठाला कसं कळणार? माझा निंब मात्र परत येणार नाही, एवढं मला कळतं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत झाडं लावतील. फोटो निघतील, टाळ्या वाजतील. टाळ्या झाल्यावर चौथ्या दिवशी कोण पाणी घेऊन जाणार, ते त्याच वेळी ठरवा. आणि एखादं वाळलंच, तर मान वर करून सांगा, की वाळलं.

परवा पार्बताबाईने माझ्या शेजारची ती वाळकी काडी उपटली आणि खड्डा साफ केला. मला मात्र जागेवर राहू दिलं. आता वरून बघणाऱ्याला इथे नुसता रिकामा खड्डा दिसतो. तसाच दिसू दे. तुमच्यापैकी कोणी या वाटेने आलं, तर हात जोडून सांगतो, त्यात हिरवी डहाळी खोवू नका.