कोणत्या कुशीवर

मी लिहिता-वाचता माणूस. मोडी येते, बाळबोध येते, आणि माझ्या उर्दू अक्षराचं तर परभणीच्या कचेरीतही कौतुक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वालूरच्या मोहताजखान्यात जे झालं ते एका अडाणी बाईच्या हातून झालं असं पुढे सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. ते साफ खोटं आहे.

साल तेराशे चौपन्न फसली, म्हणजे इंग्रजी पंचेचाळीस. एका व्यापाऱ्याने पुण्य लागावं म्हणून गावाबाहेर एक लांबट खोली बांधली होती, तोच हा मोहताजखाना. तिच्यात एका ओळीत सव्वीस बाजा आणि त्यांवर पडलेली म्हातारी, पांगळी माणसं, ज्यांचं घरी करणारं कुणी नव्हतं. त्यांचं हागणं-मुतणं काढायला, धुवायला, भरवायला पूर्वी चार बाया होत्या. दोघी कंटाळून निघून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरल्या कासाबाई आणि पंधरा दिवसांपूर्वी लागलेली बायनाबाई. एक दिवसा, एक रात्री, बारा-बारा तास. सुट्टी मागितली की आमचे मोहतमीम, म्हणजे तिथला कारभार बघणारे, दिनकरराव म्हणायचे, "अहो, हे पुण्याचं काम आहे." त्या पुण्यासाठी ते स्वतः खुर्चीतून उठल्याचं मला तरी आठवत नाही.

पडून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाहीतर अंग सडतं. सव्वीस जणांपैकी कोण कधी कोणत्या कुशीवर होतं हे लक्षात कसं ठेवायचं? कासाबाईने त्यावर रीत काढली होती. प्रत्येकाच्या मनगटाला काळ्या लोकरीचा दोरा. दोरा डाव्या हातात असला की पुढची पाळी डाव्या कुशीची. कूस बदलली की दोरा सोडून दुसऱ्या हातात बांधायचा. दुसरी बाई कामावर आली तरी तिला कुणाला काही विचारावं लागत नसे. तिने ती रीत घातल्यापासून त्या खोलीत एकालाही नवी जखम झाली नव्हती. कासाबाईला याची घमेंड होती, आणि ती तिला शोभायची.

लोकर येडबाच्या घोंगडीची. येडबा बोरीचा मेंढपाळ. वाऱ्याने डावं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. आणला तेव्हा डाव्या खुब्यावर मूठ मावेल एवढी जखम होती. त्या अंगाला चिमटा काढला तरी त्याला कळत नसे. कासाबाईने तीन महिने ती जखम लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुतली. त्याला उजव्या कुशीवर नाहीतर उताणंच ठेवायचं, डाव्या कुशीवर कधीच नाही, म्हणून त्याचा दोरा कायम उजव्या हातात असे, दोन गाठी मारून. अखेर जखम भरली. तिने मला मुद्दाम बोलावून दाखवली.

"बघा मुनशीजी, लेकराच्या गालावानी झालंय का न्हाई?"

"छान झालंय."

"नुसतं छान? शनिवारी याची लेक केवळाबाई गाडी घिऊन येयलीय न्यायला. हितून आजवर एक तरी जित्ता गेलाय का सांगा?"

गेला नव्हता. सहा वर्षं ती तिथे राबत होती आणि तिने धुतलेलं प्रत्येक अंग शेवटी खांद्यावरूनच बाहेर पडलं होतं. येडबा गाडीत बसून जाणार, एवढ्यावर ती बाई आनंदाने नुसती फुलली होती. मला त्या दिवशी तिचा हेवा वाटला.

मंगळवारी परभणीहून साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, यायचे होते. सोमवारी दिनकररावांनी खोलीतून फेरी मारली आणि मनगटं बघून भडकले.

"हे काय गंडेदोरे? मोहताजखाना आहे की भगताचं घर? कापून टाका सगळे."

"मालक, ते गंडं न्हाईत," कासाबाई म्हणाली. "कूस कळावी म्हणून—"

"कूस कळायला लिहिणारा माणूस पगार घेतो ना इथं!" ते माझ्याकडे वळले. "बन्सीधर, प्रत्येक बाजेला एक पुठ्ठा लावा. कूस, वेळ, सगळं उर्दूत, साहेबांना वाचता येईल असं."

दोऱ्यांचा अर्थ मला ठाऊक होता. मी दोन वाक्यं बोललो असतो तर पुरे होतं. पण आपलं अक्षर साहेबांच्या नजरेला पडणार या विचाराने मी इतका हुरळलो होतो की दोरे कापायची कात्रीही मीच आणून दिली.

"आमाला वाचता कुठं येतंय?" कासाबाईने मला हळूच विचारलं.

"मी आहे ना. विचारत जा."

"आणि पुन्हा एक जरी दोरा दिसला," दिनकरराव म्हणाले, "तर तू आपल्या आईला घेऊन चालती हो."

तिची आई दगडाबाई आठव्या बाजेवर होती. कासाबाई कामावर आहे तोवरच तिला तिथे जागा.

संध्याकाळपर्यंत मी सव्वीस पुठ्ठे लिहिले. येडबाच्या पुठ्ठ्यावर 'डाव्या कुशीवर ठेवू नये' हे लाल शाईने लिहिलं. साहेबांना चालता चालता वाचता यावं म्हणून सुताराने सगळे पुठ्ठे एकाच बाजूला, प्रत्येक बाजेच्या डाव्या खुराला ठोकले. साहेब आले, खूश झाले, शेरेबुकात शाबासकी लिहून गेले.

बुधवार उलटेपर्यंत कासाबाईने रात्रीही थांबून, सगळं डोक्यात ठेवून काम रेटलं. गुरुवारी पहाटे ती हिवतापाने घरी आडवी झाली. दिवसाचं आणि रात्रीचं दोन्ही काम बायनाबाईच्या गळ्यात पडलं. त्याच सकाळी मी परभणीला निघालो होतो, साहेबांच्या शाबासकीची नक्कल आणायला. बायनाबाई दारापर्यंत मागे आली.

"मुनशीजी, तेवढं कागदावरचं वाचून दाखवा की."

"आल्यावर दाखवतो," मी म्हणालो. मोटार चुकेल म्हणून.

नक्कल त्याच दिवशी मिळाली होती. शुक्रवारी मी उगाच परभणीत राहिलो, ओळखीच्यांना ती वाचून दाखवत फिरलो.

शनिवारी सकाळी परतलो आणि दारातच थांबलो. सव्वीसच्या सव्वीस माणसं एकाच बाजूला तोंड करून पडली होती. बायनाबाई बाजांच्या मध्ये उभी होती. दोन दिवस आणि दोन रात्री ती निजली नव्हती, डोळे लाल झालेले. पण मला बघून ती हसली.

"समदं बराबर ठिवलंय, मुनशीजी. दोरा डाव्या अंगाला असला की डावी कूस. आता दोरं गेलं, कागद आलं, आन् समद्यांचं कागद डाव्या अंगालाच. म्हन्लं, सायबाचा नवा हुकूम झाला, समद्यांला डाव्या कुशीवर ठिवायचं. आंग धुतलं की पुन्हा डाव्याच कुशीवर. येकाला बी हालू दिलं न्हाई."

ती शाबासकीची वाट बघत होती. माझ्या खिशात एक शाबासकी होतीच, पण ती काढायची हिंमत झाली नाही.

मागून कासाबाई आली, भिंतीला धरत, अंगात ताप घेऊन. ती सरळ येडबाकडे गेली. त्याला कुशीवरून वळवलं, धोतर सारलं. त्या गुलाबी कातडीचं काही उरलं नव्हतं. वास माझ्यापर्यंत आला. वाटलं, आता ती किंचाळेल, मला शिव्या देईल. तिने एवढंच म्हटलं, "पाणी ठिव गं बायना."

दुपारी केवळाबाई नवऱ्यासह गाडी घेऊन आली. बापाला हिसके बसू नयेत म्हणून तिने गाडीत कडबा अंथरून वर भुशाची पोती टाकली होती. सेलूचा कंपाउंडर येऊन हलवू नका म्हणून सांगून गेला. तीन दिवस ती गाडीच्या सावलीला बसून राहिली. तेवढ्यात बैलांनी गाडीतला कडबा खाऊन संपवला. मंगळवारी येडबा गेला.

"वृद्धापकाळ लिहा," दिनकरराव म्हणाले. मी सुरेख अक्षरात लिहिलं. बायनाबाईला त्याच दिवशी काढून टाकलं. का काढलं हे विचारणाऱ्यांना मीही सांगितलं, अडाणी होती हो.

येडबाची घोंगडी केवळाबाईने नेली नाही. आठ दिवसांनी मी त्या घोंगडीची दशी उपसली आणि काळी लोकर घेऊन कासाबाईकडे गेलो.

"बांध पुन्हा. मोहतमिमांना मी समजावतो."

"हुकूम झालाय का?"

"नाही, पण—"

"मंग ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून ती दर तीन तासांनी माझ्या दारात येऊन उभी राहते. पहिल्या बाजेपासून विचारते, कोणत्या कुशीवर. मी जाऊन पुठ्ठा वाचतो, ती तेवढंच करते आणि पुढच्या बाजेचं विचारायला परत येते. बाजेवरून कुणी विव्हळलं तरी मी सांगितल्याशिवाय हात लावत नाही. बाई आता शिस्तीला लागली, असं दिनकरराव म्हणतात. तिला सगळं येतं, माझ्यापेक्षा शंभरपट येतं, हे मला माहीत आहे आणि तिलाही.

काल मी तिला पाणी घेऊन आठव्या बाजेकडे जाताना पाहिलं. दगडाबाईने लेकीचा पदर धरला होता, पाठ दुखते म्हणून वळव म्हणत होती. कासाबाईने पदर सोडवून घेतला, माझ्या दारात आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आईला कोणत्या कुशीवर ठिवू, मुनशीजी?"