आधी पुसा, मग मोजा

धामणगाव बढ्याच्या सबस्टेशनमध्ये त्या सकाळी तीन माणसं होती आणि तिघांनाही घाई होती. सगळ्यांत जास्त लाइनमन युसूफभाईंना, कारण संध्याकाळी त्यांच्या मलिहाचा निकाह होता. वैशाखाचं ऊन, मंडपात ओळीनं लावलेले कूलर, आणि त्या कूलरांची वीज ज्या ब्रेकरमधून जायची तोच नेमका आज तपासणीसाठी बाहेर काढलेला. तारीख वरून आली होती. वरच्यांना लग्नपत्रिका द्यायची राहूनच गेली होती!

"दोनच्या आत तुमची लाइन चालू," असा शब्द इंजिनिअर रूपालीनं देऊन टाकला होता. देताना मोठं छान वाटलं होतं तिला.

रूपाली देऊळघाटची. ऑफिसात पुस्तकी बोलायची, पण चिडली की गावची बोली उसळून वर यायची.

ब्रेकरला तीन जाडजूड खांब. प्रत्येकाच्या पोटात एक सीलबंद बाटली आणि बाटलीत काहीच नाही, हवासुद्धा नाही. ते 'काहीच नाही' शाबूत असलं तरच ब्रेकर वीज तोडू शकतो. म्हणून उघड्या ब्रेकरला मुद्दाम विजेचा जास्त दाब द्यायचा. वीज पलीकडे गेली नाही, तर बाटली चांगली.

"मॅडम, पयले पुसून घेऊ का?" युसूफभाईंनी फडकं पुढं केलं.

"राहू द्या हो. कपाटात बंदच तर असतो तो. वेळ कुठंय?"

दोन्ही कडेचे खांब पास झाले. मधल्यावर मशीननं लाल दिवा दाखवला. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा लाल.

"बाटली गेली," रूपाली म्हणाली. नवीन येणार अकोल्याहून, म्हणजे परवा. शब्द गेला, वर अख्खं वऱ्हाड उकडून निघणार. युसूफभाईंनी बाजूला जाऊन हळू आवाजात घरी फोन केला, जनरेटर बघा म्हणून. त्या हळू आवाजानंच तिला जास्त वाईट वाटलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"द्या ते फडकं," ती म्हणाली आणि स्वतःच ब्रेकरमागं वाकली.

मधल्या खांबाच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत कुंकवाची बोटं ओढलेली! तेलात कालवलेलं कुंकू, त्यावर धूळ, त्यावर खोलीतल्या कूलरची ओल. वीज बाटलीतून गेलीच नव्हती. ती या पायवाटेनं बाहेरूनच उतरली होती.

"कोन्या शहान्यानं लावलं हे?" देऊळघाट जागं झालं. "ब्रेकर हाय का देव्हारा? उद्या त्याले साडीचोळी नेसवसान!"

ऑपरेटर शंकरराव खिडकीबाहेरच्या निंबाकडे बघत राहिले. युसूफभाईंनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"सांगत काऊन नाही? मिठाची गुळनी धरली का तोंडात?"

"मॅडम," शंकरराव शेवटी म्हणाले, "खंडेनवमीले ब्रेकर असाच बाहेर होता. आमी आपलं लोखंडी दाराले लावून राह्यलो होतो. तुमीच म्हनलं, खरं काम तं खांब करते, मान त्याले द्या. बोटं तुमचेच हायेत."

खरंच होतं. वर फोटो काढून तिनं स्टेटसलाही ठेवला होता. तिचे कान तापले. तिन्ही खांब तिनं स्वतः स्पिरिटनं पुसले, नीट वाळू दिले, मग दाब दिला. मधलासुद्धा पास! दोनच्या सुमाराला ब्रेकर खट्टकन लागला आणि लांबवर गिरणीचा पट्टा फिरू लागला.

संध्याकाळी कूलर भन्नाट वारा फेकत होते. युसूफभाई पाहुण्यांच्या मनगटांना अत्तर लावत रूपालीपाशी आले.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "आधी पुसलं असतं तर तुमच्या जिवाला घोर नसता लागला. पण फडकं तर तुमच्याच हातात होतं, मग तुम्हीच काऊन नाही पुसून टाकलं?"

"त्या दिवशी कुंकू लावतानी तुमी माह्या मलिहाचं बी नाव घेतलं होतं मॅडम. यंदा तिचं जमू दे म्हनून." त्यांनी तिच्या मनगटावर अत्तराचं बोट टेकवलं. "ते सोताच्या हातानं कसं पुसू? म्हनून तुमाले इचारलं."